शेवटच्या पासची हाक

सर, तुम्हाला हे वाचता येणार नाही हे मला कळतं, एवढी काही मी भाबडी नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, नोकरी लागल्याचं सांगायलाही आले नाही, आणि आता पन्नाशीला टेकल्यावर भर दुपारी ऑफिसच्या लॅपटॉपशेजारी वही उघडून बसले आहे. लॅपटॉपवर मीटिंग चालू आहे. माझा माइक बंद आहे. अधूनमधून कोणीतरी माझं नाव घेतं, मी माइक चालू करून "येस, ॲग्रीड" म्हणते आणि पुन्हा वहीकडे वळते. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, "वा, आपण एकाच वेळी दोन कोर्टांवर खेळता वाटतं." आणि हो, मी राहते वारज्यात. हसू नका. तुमच्या त्या वारज्यात, अकराव्या मजल्यावर, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकातून गाडी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत वीस मिनिटं जातात.

तेव्हा वारजे म्हणजे गावाबाहेर. तिकडे कोणाचं काही काम नसायचं, म्हणून तर तुम्ही ते नाव उचललंत. बाकीच्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे कोच बोटं दाखवून नाहीतर इंग्रजी आकडे ओरडून डाव सांगायचे. तुम्ही आम्हाला पुण्याची नावं दिलीत. ‘मंडई’ म्हटलं की सगळ्यांनी बास्केटखाली गर्दी करायची. ‘स्वारगेट’ म्हटलं की चौघींनी चार दिशांना पांगायचं. आणि ‘वारजे’ म्हटलं की जिचा नेम सगळ्यात चांगला तिने गुपचूप लांबच्या कोपऱ्यात, रेषेच्या बाहेर जाऊन उभं राहायचं, कारण तिथून बॉल पडला की तीन पॉईंट. हाक द्यायची कॅप्टनने, आणि कॅप्टन मी. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणाने विचारलं होतं, "सर, सरळ वन टू थ्री का नाही?" तुम्ही बॉलमध्ये हवा भरत होतात. मान वर न करता म्हणालात, "आकडे पाठ करावे लागतात. मंडई पाठ करावी लागते का तुला?"

जिमखान्याची ती खोली मला अजून नाकाने आठवते. चामडं, घाम, आयोडेक्स, आणि तुमच्या स्टोव्हवरच्या चहाचं आलं. तुमच्याकडे रागवायची एकच तऱ्हा होती. मर्जीतल्या मुलीला ‘तू’, आणि चूक केली की तिला ‘आपण’. पाच मिनिटं उशीर झाला की खुर्ची पुढे सरकवून, "या, आपण आलात? कळवायचं तरी, बँड मागवला असता." आम्ही बाहेर पडून पोट धरून हसायचो. पण त्या ‘आपण’ची धास्ती प्रिन्सिपॉलपेक्षा जास्त होती. आवाज न चढवता माणूस असा दारात उभा करता यायचा तुम्हाला, आणि पुन्हा ‘तू’ व्हायला मुलींना आठ-आठ दिवस तुमच्याकडे चकरा माराव्या लागायच्या.

ती आली मी दुसऱ्या वर्षाला असताना. वर्ध्याकडची, लांब हाताची, काळीसावळी, माझ्याहून वर्षाने मागे. खेळाच्या कोट्यातून तिला हॉस्टेलची खोली मिळाली होती, आणि ती खोली होती म्हणूनच तिच्या वडिलांनी तिला इतक्या लांब पाठवलं होतं. खेळ सुटला तर खोली सुटणार आणि खोली सुटली तर शिक्षण सुटणार, हे ती येऊन आठ दिवस व्हायच्या आत सगळ्यांना माहीत झालं होतं, कारण तिच्या पोटात काही राहायचंच नाही. नेम मात्र असा की बघत राहावं. अडचण एकच. तिला पुणंच ठाऊक नाही, तर मंडई काय आणि वारजे काय! मी ‘स्वारगेट’ ओरडले की ती जागच्या जागी उभी. तुम्ही दोन दिवस बघितलंत आणि तिसऱ्या दिवशी रविवार होता, तर आम्हा दोघींना घेऊन बाहेर पडलात.

तो रविवार मी कितीदा मनात फिरून आले असेन. आधी मंडई. टोपल्यांच्या आणि माणसांच्या मधून तुम्ही आम्हाला मुद्दाम आडवं नेलंत, तिच्या पायावर कोणाची तरी पाटी आली तेव्हा तुम्ही खूश होऊन म्हणालात, "हं, आता लक्षात राहील." मग स्वारगेट. डेपोच्या तोंडाशी उभं करून अर्धा तास नुसत्या बस बघायला लावल्यात, कोण साताऱ्याकडे, कोण सोलापूरकडे, कोणी कोणासाठी थांबत नाही. आणि मग बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत वारजे. बस वळून गेली आणि आम्ही तिघं रस्त्याकडेला. शेतं, एक वीटभट्टी, वाऱ्याने उडणारी धूळ. ती चहूकडे बघून म्हणाली, "सर, इथं तं कोणीच नाही जी." तुम्ही इतके मोठ्याने हसलात की मी दचकले. "तेच सांगायला आणलं बाई तुला. जिथे कोणी नसतं तिथे आपण आधी जाऊन उभं राहायचं." परतीची बस तासाभराने होती. तुम्ही पिशवीतून डबा काढलात, काकूंनी दिलेल्या गूळपोळ्या. तुपाची वाटी सांडली म्हणून तुम्ही सगळ्या रस्त्याला नावं ठेवलीत. त्या दिवसानंतर ती एकदाही चुकली नाही. माझ्या ‘वारजे’मधलं ‘वा’ ऐकलं की निघालेली असायची.

आता माझं. तेव्हा मी टिळक रोडच्या बाजूला एका इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जायचे आणि तिथून सायकल मारत कॉम्प्युटरच्या क्लासला. जो तो तेच करत होता. रस्त्यावर पाट्याच पाट्या, कॉम्प्युटरची अमुक भाषा तीन महिन्यांत, तमुक भाषा सहा महिन्यांत, अमेरिका त्याच्या पुढच्या गल्लीत असल्यासारखी. मी पेठेतली, मराठी शाळेतली. मला त्या क्लासमध्ये "माय सेल्फ" म्हटल्यावर सगळे हसले होते ते आठवून रात्री कान गरम व्हायचे. मला हुशारी कमी नव्हती हो सर, लाज जास्त होती. ती लाज घेऊन मी कॉलेजांच्या स्पर्धेच्या फायनलला उतरले.

समोरची टीम तगडी होती, त्यात वाद नाही. चार मुली राज्याकडून खेळलेल्या, बूट असे की आमच्या मुली आधी बूटच बघत बसल्या. त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत, त्यांच्या पाठीराख्यांचं अर्धं हिंदीत. मी पहिल्यांदा ‘मंडई’ ओरडले आणि कडेला बसलेल्या पोरांमधून आवाज आला, "ए ताई, भिंडी कैसे दिया?" हशा. मग प्रत्येक हाकेला काहीतरी. ‘स्वारगेट’ म्हटलं की कंडक्टरची शिट्टी. त्यांची कॅप्टन माझ्या शेजारून पळताना तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "सो क्यूट, दे आर टेकिंग द बस!" वाईट हेतूने म्हणाली असंही नाही. पण मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यात विद्यापीठाच्या संघाची निवड याच मॅचवर व्हायची होती, निवड करणारे तिघं खुर्च्यांवर बसलेले, आणि त्यातला एक हसताना मी बघितला.

हाफ टाइमच्या जरा आधी तिचा घोटा मुरगळला. तुम्ही बाकावर तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधत होतात. मी बाकीच्या मुलींना नळाशी घेऊन गेले आणि म्हटलं, "आता ती नावं बास. मंडई म्हणजे वन, वारजे म्हणजे टू, स्वारगेट म्हणजे थ्री." एक जण म्हणाली, "सरांना विचारलंस?" मी म्हटलं, "विचारलंय." दुसरी म्हणाली, "आणि तिला?" मी म्हटलं, "तिला मी सांगते." इतकं सोपं होतं ते. पाण्याचा घोट घेता घेता दोन थापा.

दुसरा हाफ आम्ही जीव तोडून खेळलो, हेही खरं आहे. आकडे चालले; बाकापर्यंत जाऊ नयेत म्हणून मी ते दबक्या आवाजात सांगत होते. कोणी हसलं नाही. मला वाटलं, बघा, जमतंय की. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा तुम्ही तिला आत पाठवलंत, आणि अगदी शेवटी, आम्ही दोन पॉईंटनी मागे असताना, टाइम आउट घेतलात. आम्ही पाच जणी तुमच्याभोवती. तुम्ही घाईत, पण शांत. "दोन घेतले तर बरोबरी, जास्तीची वेळ मिळेल. मोकळी जागा दिसली तर वारजे, मग जिंकलोच. आधीपासून ठरवू नका. बघून ठरव, हाक तुझी." शेवटचं तुम्ही मला म्हणालात. ती माझ्या शेजारी उभी होती, सर. तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता. फक्त एवढं म्हणायचं होतं, ‘वारजेला आता टू म्हणायचं.’ चार शब्द. पण तुम्ही समोर होतात, आणि तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की तुमची हाक मी टाकून दिली. शिट्टी वाजेपर्यंत मी तुमच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिले.

पुढचं तुम्ही पाहिलंत. बॉल माझ्याकडे आला, लांबचा कोपरा पूर्ण रिकामा होता, त्यांच्या सगळ्या मुली आत ओढल्या गेल्या होत्या. मी ओरडले, "टू!" आणि न बघता कोपऱ्यात पास फेकला, कारण तिथे ती असणारच, ती कधी चुकतच नव्हती. तिने ऐकलं टू. दोन. आत्ताच तर सरांनी सांगितलं होतं, दोन घेतले तर बरोबरी. ती मुरगळलेल्या पायाने आत घुसली, त्या चार उंच मुलींच्या मध्ये, दोन्ही हात पसरून माझ्याकडे बॉल मागत. बॉल कोपऱ्यात एकटा पडला, दोन टप्पे खाल्ले आणि रेषेबाहेर गेला.

सगळं कॉलेज तिच्यावर तुटून पडलं. ‘ऐन वेळी डोकं फिरलं तिचं.’ तुम्ही आम्हा दोघींना जिमखान्यात बोलावलंत. ती हुंदके देत होती, मी भिंतीला टेकून. तुम्ही मला विचारलंत, "हाक काय दिलीस?" बाकावरून तुमच्यापर्यंत ती हाक पोहोचली नसेल असं होणंच शक्य नव्हतं. तुम्ही विचारत नव्हतात, दार उघडून धरलं होतंत. आणि मी म्हटलं, "वारजे म्हटलं, सर. गोंगाटात हिला ऐकू गेलं नसेल." तिने रडायचं थांबून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही बोलेल. तर ती म्हणाली, "असंन जी. मलेच भलतं ऐकू आलं." तुम्ही पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवलात. मग तिला म्हणालात, "ऐकू जाईल अशी हाक देणं कॅप्टनचं काम. तुझी चूक नाही. तोंड धू." आणि मला, अगदी सौम्यपणे, "आपण गेलात तरी चालेल."

विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. पास अचूक होता म्हणे, घेणारी जागेवर नव्हती. तुम्ही निवड करणाऱ्या त्या तिघांना भेटून आलात, "डावाची आखणी माझी, त्या पोरीला शिक्षा नको" म्हणून सांगून आलात, आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, "सर, तुम्ही बास्केटबॉल शिकवता की बसचे मार्ग?" हे मला शिपायाकडून कळलं. पुढच्या वर्षी नवा, ट्रॅकसूट घालणारा कोच आला. तुमच्याकडे हजेरीचं रजिस्टर उरलं. तिला टीममधून वगळलं, त्याच वर्षअखेर हॉस्टेलची खोली गेली आणि ती वर्ध्याला परत गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. एवढं बळ होतं माझ्यात, बघा.

आणखी एक सांगते, आता लाजायचं काय राहिलंय? पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं की आयुष्यातलं एखादं अपयश सांगा आणि तुम्ही ते कसं हाताळलंत. मी त्या फायनलचीच गोष्ट सांगितली. चांगल्या इंग्रजीत. संघातल्या एका मुलीचा ऐन वेळी गोंधळ झाला, आम्ही हरलो, पण कॅप्टन म्हणून मी तिला सावरलं. समोरच्या बाई इतक्या प्रभावित झाल्या की त्यांनी ते लिहून घेतलं. तिथून आजपर्यंत मी टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि नीट लिहून कळवायच्या, हा माझा धंदा. तुम्ही काय म्हणाला असतात याची मला कल्पना आहे, तेव्हा राहू द्या.

रागही येतो मला तुमचा. सांगायलाच बसले आहे तर तेही सांगते. जिभेला हाड नसलेला माणूस तुम्ही, प्रिन्सिपॉललासुद्धा सोडायचा नाहीत, आणि नेमके तेव्हाच गप्प बसलात! एक कानाखाली वाजवली असतीत तर त्या मुलीचं वर्ष वाचलं असतं. तुम्ही वाट बघत राहिलात मी आपणहून येईन म्हणून. वर्षभर जिमखान्यात मला ‘आपण’ म्हणत राहिलात, बॉल देताना, रजिस्टरवर सही घेताना, निरोपाच्या दिवशीही. "आपण मोठ्या व्हाल." मी आले नाही. पुढे कंपनीने मला परदेशी पाठवलं होतं तेव्हा कोणीतरी तुमच्या जाण्याची बातमी ईमेलने कळवली. मी ती वाचली, आणि दहा मिनिटांनी एक कॉल होता, तो घेतला. खरं सांगू का सर, रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. ते पाप तुमच्याबरोबर गेलं असं वाटलं.

नाही गेलं. ती परवापासून माझ्या घरी आहे. कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तिचा नंबर आला, आणि तिच्या मुलीला इथे पुण्यात कॉलेजात घालायचंय म्हटल्यावर मीच आग्रह केला, माझ्याकडेच उतर. गावाकडे शाळेत शिकवते ती. केस पिकलेत, हात तेच लांब. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघून म्हणाली, "हे वारजे? बाप्पा! इथं तं सारं पुणं येऊन राहिलं." आम्ही खूप हसलो. मग कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "ताई, एक विचारू? मले अजून वाटते तू टू म्हणली होती. कानात तेच वाजते. पण तू तं वारजे म्हणली होती न?"

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. म्हटलं, "हो गं. जाऊ दे ना आता, किती जुनी गोष्ट." ती म्हणाली, "हो न. माझंच डोकं ऐन टायमाले फिरते. लग्नात, नोकरीत, कुठंबी मले मोठं काम सांगितलं का मी नाही म्हणते. म्हणून पोरीलेबी सांगितलं, खेळू नको." तिची मुलगी शेजारीच बसली होती, सर. लांब हातांची. जिल्ह्याकडून खेळलेली. ती मान खाली घालून म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा न आईला. फॉर्मवर खेळाचा रकाना आहे, ती भरू देत नाही."

त्या दोघी सकाळी फॉर्म भरायला गेल्या आहेत. कॉलेजची खिडकी साडेचारला बंद होते, आज शेवटचा दिवस आहे. मी दुपारी एकला ही वही उघडली ती फोन करण्याआधी काय बोलायचं ते नीट जुळवावं म्हणून, आणि वरती लिहिलं ‘सर’. तुम्हाला सांगायला काय लागतं? तुम्हाला सगळं माहीतच होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, वहीतच राहणार आहे, हेही मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. फोन हाताशी आहे. तिचा नंबर सगळ्यात वर आहे. पावणेपाच झालेत, सर, आणि मी फोन केलेला नाही.